दोन बाप, एक दरी : क्षमेविषयी एक अभ्यासपाठ

शास्त्रपाठ : २ शमुवेल १८:२४–३३, मत्तय १८:२१–३५, लूक १०:२५–३७, लूक १९:१–१०.

मुख्य विचार : ख्रिस्ती क्षमा तोंडच्या शब्दाने पुरी होत नाही. ती सत्य सांगण्यापासून सुरू होते आणि शेजाऱ्याच्या गरजेपर्यंत जाऊन पोहोचते.

प्रस्तावना

रविवारच्या शाळेत वर्षातून एकदा तरी क्षमेचा पाठ येतोच. आपल्या भावाला किती वेळा क्षमा करावी, असे पेत्राने प्रभूला विचारले. त्यावर प्रभूने दिलेले उत्तर आपल्या मुलांना तोंडपाठ असते. वर्गात दोन मुलांचे भांडण झाले की आपण त्यांना समोरासमोर उभे करतो, "सॉरी म्हण" असे सांगतो, दोघे नाखुशीने हातात हात देतात आणि पाठ पुढे चालू होतो. लहानांसाठी कदाचित एवढे पुरे असेल.

परंतु हीच मुले मोठी होतात. घराच्या वाटणीवरून दोन भाऊ एकमेकांशी बोलेनासे होतात. एकाच मंडळीतील दोन कुटुंबे प्रभुभोजनाच्या दिवशीही एकमेकांची नजर चुकवून बसतात. एखाद्याच्या मुलाच्या हातून दुसऱ्याचे मूल दगावते. अशा वेळी लहानपणी शिकलेला "सॉरी म्हण" हा धडा कामास येत नाही, आणि ज्याचे काळीज फाटले आहे त्याला आपण मत्तयाचा अठरावा अध्याय उघडून दाखविला तर तो मनात म्हणतो, "ह्यांना काय होते सांगायला!" त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे आहे असे नाही.

म्हणून ह्या महिन्याच्या अभ्यासासाठी पवित्र शास्त्राबरोबर एका कादंबरीचा आधार घेत आहोत. दक्षिण आफ्रिकेतील लेखक अॅलन पेटन ह्यांची 'क्राय, द बिलव्हेड कंट्री' ही ती कादंबरी १९४८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात दोन बाप आहेत. एक काळा आहे व एक गोरा. एक खालच्या दरीत राहतो, दुसरा वरच्या डोंगरावर. दोघांचे एकुलते एक पुत्र मरतात, कारण एकाचा पुत्र दुसऱ्याच्या पुत्राचा खून करतो. ह्या दोन बापांचे पुढे काय होते, ते पाहिले असता क्षमा म्हणजे काय आणि काय नव्हे, हे पुष्कळ स्पष्ट होते.

लेखकाविषयी थोडेसे

पेटन ह्यांचा जन्म ११ जानेवारी १९०३ रोजी नाताळ प्रांतातील पीटरमारित्झबर्ग येथे झाला. ह्याच गावच्या रेल्वे स्टेशनावर १८९३ साली गांधीजींना गाडीतून खाली उतरविण्यात आले होते, म्हणून हे नाव आपल्या वाचकांना परके नसावे. पेटन प्रथम इक्सोपो येथे शिक्षक होते. १९३५ ते १९४८ पर्यंत ते जोहान्सबर्गजवळील डीपक्लूफ येथे आफ्रिकी मुलांच्या सुधारगृहाचे प्रमुख होते. चोरी, मारामारी करून आलेल्या ह्या मुलांवर त्यांनी हळूहळू विश्वास टाकला, त्यांना घरी जाऊन येण्याची मोकळीक दिली आणि कुंपणाच्या जागी फुलझाडे लावली. गुन्हेगार मुलगा कोणत्या घरातून व कोणत्या मार्गाने येतो, हे त्यांनी कागदावर वाचलेले नव्हते, तर रोज डोळ्यांनी पाहिलेले होते.

१९४६ साली निरनिराळ्या देशांतील तुरुंग व सुधारगृहे पाहण्यासाठी ते दौऱ्यावर निघाले. नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम ह्या गावी तेथील जुने कॅथिड्रल पाहून आल्यावर हॉटेलच्या खोलीत त्यांनी ही कादंबरी लिहावयास घेतली, आणि तीन-चार महिन्यांच्या प्रवासातच अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे ती पुरी केली. ती प्रसिद्ध झाल्यावर काही महिन्यांतच, मे १९४८ च्या निवडणुकीत, दक्षिण आफ्रिकेत नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि वर्णभेदाला कायद्याचे संपूर्ण रूप देण्यात आले. पेटन ह्यांनी त्या धोरणाला आयुष्यभर विरोध केला. १९८८ साली ते वारले.

कथा

नाताळ प्रांतात इक्सोपोजवळ न्दोत्शेनी नावाची दरी आहे. वरच्या डोंगरावर गोऱ्या लोकांच्या मोठमोठ्या शेतवाड्या आहेत. तेथील गवत दाट आहे व माती भिजलेली राहते. खाली दरीत झुलू लोक राहतात. थोड्या जमिनीत फार माणसे व फार गुरे झाल्यामुळे तेथील माती धुपून गेली आहे. १९१३ च्या कायद्याने आफ्रिकी लोकांसाठी देशातील जमिनीचा सुमारे ७ टक्केच भाग राखला होता आणि १९३६ साली ती मर्यादा सुमारे १३ टक्क्यांपर्यंत वाढविली, हे लक्षात ठेवले म्हणजे त्या दरीतील मातीची कथा समजते. तरुण मुले ती दरी सोडून सोन्याच्या खाणींच्या शहरात, जोहान्सबर्गला जातात, आणि परत येत नाहीत.

ह्या दरीतील लहानशा सेंट मार्क्स चर्चचे पाळक स्टीफन कुमालो हे वृद्ध झाले आहेत. एके दिवशी जोहान्सबर्गहून म्सिमांगू नावाच्या पाळकाचे पत्र येते की तुमची बहीण गर्ट्रूड आजारी आहे, या. कुमालोंचा एकुलता एक मुलगाही आत्याला शोधावयास म्हणून त्याच शहरात गेला, तो परतला नाही, त्याचे पत्रही नाही. पतिपत्नी डब्यातील पैसे काढून मोजतात. बारा पौंड, पाच शिलिंग, सात पेन्स! मुलाच्या शिक्षणासाठी साठविलेले ते पैसे आता मुलाच्या शोधासाठी खर्च होतात. मुलाचे नाव अबशालोम. पाळकाने आपल्या मुलाचे हे नाव का ठेवले, हे कादंबरीत सांगितलेले नाही. परंतु शास्त्र वाचणाऱ्याचे मन ते नाव ऐकताच धास्तावते.

बहीण सापडते, पण ती दारू विकून व देह विकून जगत आहे. भाऊ जॉन पुढारी झाला आहे व देवळात जाणे त्याने सोडले आहे. अबशालोमचा माग घेत कुमालो व म्सिमांगू कारखान्यात जातात, झोपडपट्टीत जातात, सुधारगृहात जातात. प्रत्येक ठिकाणी तो नुकताच निघून गेलेला असतो. शेवटी एक बातमी येते. आर्थर जार्विस नावाच्या गोऱ्या इंजिनिअरचा त्याच्याच घरात चोरट्यांनी गोळी घालून खून केला. हा आर्थर आफ्रिकी लोकांच्या हक्कांसाठी झटणारा होता, आणि मरण्यापूर्वी तो आफ्रिकी लोकांमधील गुन्हेगारीच्या कारणांविषयीच लेख लिहीत होता. गोळी झाडणारा अबशालोम. घरात कोणी नसेल असे समजून तो दोघा साथीदारांबरोबर शिरला होता. समोर माणूस आलेला पाहून तो भ्याला आणि त्याने पिस्तूल झाडले.

आर्थरचे वडील जेम्स जार्विस हे न्दोत्शेनीच्याच वरच्या डोंगरावर 'हाय प्लेस' ह्या शेतवाडीत राहतात. म्हणजे हे दोन बाप आयुष्यभर एकमेकांचे शेजारी! जार्विस ह्यांनी त्या पाळकाला रस्त्याने जातायेताना पाहिले असेल, आणि कुमालोंनी लहानग्या आर्थरला घोड्यावरून चर्चजवळून जाताना पाहिलेले होते. परंतु दोघांमध्ये कधी शब्द झालेला नव्हता.

न्यायालयात अबशालोम खरे सांगतो. त्याचे साथीदार, ज्यांत जॉनचा मुलगाही आहे, आम्ही तेथे नव्हतोच असे म्हणतात व पुराव्याअभावी सुटतात. अबशालोमला फाशीची शिक्षा होते. तुरुंगातच त्याचे त्याच्या गरोदर वाग्दत्त मुलीशी लग्न लावण्यात येते. कुमालो सून व बहिणीचा लहान मुलगा ह्यांना घेऊन दरीत परत येतात. बहीण निघण्याच्या आदल्या रात्रीच नाहीशी झालेली असते.

कादंबरीचा शेवटचा भाग त्या दरीत घडतो. त्याकडे आपण आता अभ्यासाच्या दृष्टीने पाहू.

१. क्षमेची सुरुवात सत्य सांगण्याने होते

खटला चालू असताना कुमालो स्प्रिंग्ज ह्या गावी एका ओळखीच्या माणसाच्या मुलीचा तपास करण्यासाठी एका बंगल्यावर जातात. दार उघडतात ते जार्विस. ते आपल्या पत्नीच्या भाचीकडे आलेले असतात. कुमालोंचे हातपाय कापू लागतात, ते पायरीवर बसतात. हा वृद्ध मनुष्य आजारी आहे, भुकेला आहे, की माझी भीती बाळगतो, हे जार्विस ह्यांना कळत नाही. भिण्याचे कारण नाही, असे ते त्याला सांगतात. येथे कुमालोंना निघून जाता आले असते. त्यांना काहीएक सांगणे भाग नव्हते. गोरा गृहस्थ त्यांना ओळखतही नव्हता. परंतु ते सांगतात : आपल्या मुलाला माझ्या मुलाने मारले.

जार्विस काही क्षण बाजूला जातात, झाडांत उभे राहतात आणि परत येतात. आपल्याला आता कळले, आपल्या मनात राग नाही, एवढेच ते बोलतात. मी तुला क्षमा केली असे मोठे वाक्य ते ह्या वेळी उच्चारीत नाहीत.

बंधुभगिनींनो, आपल्या घरांतून व मंडळ्यांतून क्षमा अडून राहते ती बहुधा ह्याच पायरीवर. ज्याने दुखावले तो म्हणतो, "झाले गेले, विसरून जा." ज्याला दुखावले त्याने क्षमा करावी ही आपली अपेक्षा असते, पण ज्याने दुखावले त्याने आधी सरळ शब्दांत आपला दोष सांगावा, हे आपण विसरतो. याकोब ५:१६ मध्ये आपले दोष एकमेकांना सांगण्याविषयी आज्ञा आहे. लूक १५ मधील धाकटा मुलगा घरी येताना, वाटेतच, आपल्या पापाचा कबुलीजबाब मनात तयार करतो. पुढे धावण्याचे काम बापाचे, परंतु कबुली देण्याचे काम मुलाचेच. कुमालोंच्या बाबतीत तर ही कबुली आणखी कठीण होती, कारण अपराध त्यांचा स्वतःचा नव्हता, मुलाचा होता. तरी "हा माझा मुलगा" असे म्हणावयास ते लाजले नाहीत. २ शमुवेल १८ मध्ये दाविदाच्या विलापातही हेच आहे. ज्या अबशालोमाने त्याचे राज्य हिसकावले, त्याला तो शेवटपर्यंत आपला पुत्रच म्हणतो.

२. क्षमा करणारा समजून घेण्याचे कष्ट घेतो

जार्विस ह्यांच्या मनात राग का राहिला नाही? लेखकाने ह्याचे उत्तर कबुलीच्या भेटीपूर्वीच देऊन ठेवले आहे. मुलाच्या मृत्यूनंतर जार्विस त्याच्या घरी, त्याच्या अभ्यासिकेत जाऊन एकटेच बसतात. भिंतीवर क्रूसावरील ख्रिस्ताचे व अब्राहम लिंकन ह्यांचे चित्र आहे. कपाट पुस्तकांनी भरले आहे. टेबलावर अर्धवट राहिलेला लेख आहे. एका ठिकाणी आर्थरने लिहिले आहे की, प्रामाणिकपणा, दया हे गुण आपल्या आईबापांनी आपल्याला शिकविले, परंतु आपण ज्या देशात जन्मलो त्या देशाविषयी त्यांनी काहीच शिकविले नाही. बापाच्या जिव्हारी हे लागते. ते उठून जाण्याच्या बेतात असतात. पण ते परत बसतात व पुढे वाचतात.

हे 'परत बसणे' फार महत्त्वाचे आहे. शेजाऱ्याची झोपडी आपल्या डोंगरावरून रोज दिसत असताना आपण तिच्याकडे पाहिले नाही, हे त्या शोकग्रस्त बापाला त्या खुर्चीत बसून कळू लागले. मुलाच्या प्रेतक्रियेच्या वेळी त्यांनी आयुष्यात प्रथमच गोऱ्या नसलेल्या लोकांबरोबर एका चर्चमध्ये बसून उपासना केली आणि त्यांच्या हातात हात दिला. लूक १० मधील याजक व लेवी ह्यांनी जखमी मनुष्याला पाहिले होते, तरी ते दुसऱ्या बाजूने गेले. शोमरोनी मनुष्यानेही तेच पाहिले, परंतु तो जवळ गेला. शेजारधर्म म्हणजे नुसते जवळ राहणे नव्हे, जवळ जाणे होय.

३. क्षमा हातापायांनी काम करू लागते

ह्यानंतरचा भाग लहान मुलांनाही सांगण्यासारखा आहे. दरीत दुष्काळ पडला आहे. जार्विस ह्यांचा लहान नातू, आर्थरचा मुलगा, घोड्यावर बसून पाळकाच्या घरी येतो. तो पाळकाला पाहून टोपी काढतो. गोऱ्या मुलाने काळ्या माणसासमोर टोपी काढण्याची तेथे रीत नव्हती. मुलाला ती रीत ठाऊक नव्हती, हे बरेच झाले. तो पाणी मागतो, झुलू भाषेतील शब्द विचारतो, आणि मग दूध मागतो. गावात दूध नाही, असे पाळक सांगतात. मग लहान मुले काय करतात, असा मुलाचा प्रश्न येतो. काही मुले मरतात, हे उत्तर पाळकाला द्यावे लागते.

त्याच रात्री हाय प्लेसहून दुधाचे डबे येतात, शाळेत न जाणाऱ्या लहान मुलांसाठी. नंतर जार्विस ह्यांच्याच प्रयत्नाने नेपोलियन लेत्सित्सी नावाचा तरुण शेतकी शिक्षक दरीत येतो, आणि धरण बांधण्यासाठी जमिनीची मोजणी सुरू होते. एके दिवशी वादळ होते व जार्विस आडोशासाठी त्या गळक्या चर्चमध्ये येतात. दोघे वृद्ध गळणाऱ्या छपराखाली, जेथे पाणी पडणार नाही अशी जागा शोधून बसतात. दयेचा अर्ज नामंजूर झाला आहे, हे कुमालो सांगतात. तो दिवस आला म्हणजे मी आठवण ठेवीन, असे जार्विस म्हणतात. ज्याच्या मुलाला गोळी लागली त्या बापाने, गोळी झाडणाऱ्याच्या फाशीचा दिवस त्याच्या बापाबरोबर दुःखाने आठवावा! ह्याहून मोठे सांत्वन कोणते?

पुढे जार्विस ह्यांच्या पत्नी मार्गारेट वारतात. दरीतील लोकांजवळ पैसे नसतात. ते सायप्रसच्या फांद्या व लिलीची फुले जमवून पुष्पचक्र करून पाठवितात. बिशप येऊन कुमालोंना सांगतात की एवढ्या दुःखानंतर तुम्ही हे गाव सोडलेले बरे. एवढ्यात जार्विस ह्यांचे पत्र येते. आपल्या पत्नीच्या अखेरच्या इच्छांपैकी एक अशी होती की न्दोत्शेनीला नवे चर्च बांधून द्यावे. पत्र वाचून बिशप आपला विचार बदलतात. दोन शेजाऱ्यांतील हा संबंध देवाकडून आहे, हे त्यांना दिसते.

जक्कयाची गोष्ट येथे आठवावी. प्रभू त्याच्या घरी गेला आणि जक्कयाचे तारण झाले, हे त्याच्या पैशाच्या पिशवीवरून दिसून आले. क्षमा मनात झाली की नाही हे कसे ओळखावे, असे मुले विचारतात. उत्तर सोपे आहे : दूध खाली आले की नाही, ते पाहावे.

४. क्षमा व न्याय

येथे एका अडचणीच्या प्रश्नाला तोंड दिले पाहिजे. ह्या कादंबरीवर अनेक आफ्रिकी वाचकांनी टीका केली आहे. पाळक कुमालो फारच नम्र आहेत, गोऱ्या मालकाच्या दयेने प्रश्न सुटतो असे लेखक दाखवितो, अन्यायाविरुद्ध उभा राहणारा काळा मनुष्य मात्र जॉनसारखा स्वार्थी रंगविला आहे, असे त्या टीकेचे सार आहे. ह्या टीकेत तथ्य आहे व शिक्षकाने ती झाकून ठेवू नये. ज्याला तुडविले आहे त्यालाच क्षमेचा उपदेश करावयाचा व तुडविणाऱ्याला काहीच म्हणावयाचे नाही, हा क्षमेचा दुरुपयोग आहे. यिर्मया ६:१४ मध्ये लोकांची जखम वरवर बरी करून शांती आहे असे सांगणाऱ्यांना संदेष्ट्याने दोष दिला आहे.

परंतु कादंबरीतच ह्याचे भान असलेला मनुष्य आहे, तो तरुण शेतकी शिक्षक लेत्सित्सी. जार्विस ह्यांच्या दुधाबद्दल तो कृतज्ञ आहे, पण ह्या दरीला दुसऱ्याच्या दुधाची गरजच पडू नये, हे त्याचे ध्येय आहे. ज्या व्यवस्थेने आम्हांला इतकी थोडी जमीन ठेवली, तिच्यातूनच ही मदत येते, हे तो विसरत नाही. वृद्ध पाळकाला त्याचे बोलणे जड जाते, तरी ते खरे आहे.

आणि क्षमेने शिक्षा टळली नाही, हेही लक्षात घ्यावे. दोन्ही बाप जवळ आले, तरी अबशालोम फासावर गेला. ज्यांनी खोटे सांगितले ते सुटले. लेखकाने कथेचा शेवट गोड करण्यासाठी हे बदलले नाही. ख्रिस्ती विश्वास धरणाऱ्याला ह्या जगातच सगळे हिशेब जुळलेले दिसतील, असे वचन आपल्याला दिलेले नाही.

दक्षिण आफ्रिकेचा पुढील इतिहासही हेच शिकवितो. वर्णभेदाला काही ख्रिस्ती मंडळ्यांनी शास्त्राचा आधार दिला होता, ही आपल्या सर्वांना लाजविणारी गोष्ट आहे. उलटपक्षी, १९८६ साली तेथील डच रिफॉर्म्ड मिशन चर्चने स्वीकारलेल्या 'बेल्हार' विश्वासकबुलीत, लोकांना रंगावरून वेगळे ठेवणारी शिकवण सुवार्तेच्या विरुद्ध आहे, असे ठामपणे मांडले गेले. १९९४ साली सर्व नागरिकांच्या मतदानाने नवे सरकार आले. १९९५ च्या कायद्याने सत्य व समेट आयोग स्थापन झाला, आर्चबिशप डेस्मंड टुटू त्याचे अध्यक्ष झाले, आणि १९९६ साली साक्षी सुरू झाल्या. राजकीय अपराध करणाऱ्याने केलेले सर्व काही उघड सांगितले तरच त्याला माफी मिळू शकेल, अशी अट होती. सत्य आधी, माफी नंतर! भरपाई मात्र अपुरी राहिली, अशी अनेक पीडित कुटुंबांची तक्रार राहिली. सत्य सांगणे झाले, पण दूध पुरेसे खाली आले नाही, असे आपण म्हणू शकू.

५. क्षमेची गरज पाळकालाही असते

कुमालो संत नाहीत. रागाच्या भरात ते आपल्या भावाला दुखविण्यासाठी खोटे बोलतात. मुलाच्या वाग्दत्त वधूला ते असा क्रूर प्रश्न विचारतात की ती बिचारी घाबरून जाते, आणि मग ते स्वतःच लज्जित होऊन क्षमा मागतात. फाशीच्या आदल्या दिवशी ते प्रार्थनेसाठी एकटे डोंगरावर चढतात. वाटेत घोड्यावरून येणारे जार्विस भेटतात. दोघे निरोप घेतात; जार्विस आता सुनेजवळ राहावयास जोहान्सबर्गला जाणार असतात. कुमालो रात्रभर डोंगरावर राहतात. आधी ते आपल्या पापांची आठवण करतात, ती कबूल करतात; मग उपकारस्मरण करतात; मग मुलासाठी व लोकांसाठी प्रार्थना करतात. पहाटे ते उठून पूर्वेकडे तोंड करून उभे राहतात, कारण सूर्योदयाला मुलाला फाशी होणार असते. घरून पत्नीने बांधून दिलेली भाकरी व चहा तेवढा त्यांच्याजवळ असतो.

कबुली, उपकारस्तुती, मध्यस्थी हा त्यांच्या प्रार्थनेचा क्रम पाहावा. ज्याला स्वतःला क्षमा मिळाली आहे असे ठाऊक आहे, तोच दुसऱ्याला क्षमा करू शकतो. मत्तय १८ मधील निष्ठुर दासाला आपले कर्ज किती मोठे होते ह्याचाच विसर पडला.

शिक्षकांसाठी सूचना

हा पाठ दोन रविवारी घ्यावा. पहिल्या रविवारी कथा सांगावी व २ शमुवेल १८ वाचावा. फळ्यावर एक डोंगर व एक दरी काढावी, वरच्या घराला जार्विस व खालच्या घराला कुमालो असे नाव द्यावे, आणि दोन्ही घरांना जोडणारी वाट सुरुवातीला मुद्दामच काढू नये. दुसऱ्या रविवारी मुलांनी एकेक प्रसंग सांगावा : पायरीवरील कबुली, अभ्यासिकेतील वाचन, दूध, गळके चर्च, पुष्पचक्र. प्रत्येक प्रसंगाबरोबर वाट थोडी पुढे काढावी.

लहान वर्गांना खुनाचे वर्णन सांगू नये. घोडा, टोपी व दूध एवढी गोष्ट त्यांना पुरे. तरुणसंघात मात्र चौथ्या मुद्द्यावर मोकळी चर्चा होऊ द्यावी व कोणाचेही बोलणे "ख्रिस्ती माणसाने असे बोलू नये" म्हणून तोडू नये. वर्गात एखाद्या मुलाच्या घरी नुकतेच दुःख झाले असेल, तर शिक्षकाने आधी त्या घरी जाऊन यावे. पाठ पुढे ढकलला तरी चालेल.

चर्चेसाठी प्रश्न

१. कुमालो व जार्विस इतकी वर्षे शेजारी असून अनोळखी का राहिले? आपल्या गल्लीत, आपल्या मंडळीत असे कोण आहे?

२. स्प्रिंग्ज येथील भेटीत कुमालोंनी खरे सांगितले नसते, तर पुढे काय घडले नसते?

३. आर्थरचा लेख वाचताना जार्विस दुखावले, तरी ते परत बसले. आपल्याविषयीचे कोणते सत्य ऐकताना आपण उठून जातो?

४. "क्षमा केली म्हणजे न्याय मागू नये" असे म्हणणे बरोबर आहे काय? यिर्मया ६:१४ व लूक १९:८ वाचून उत्तर द्या.

५. ह्या महिन्यात आपण कोणाकडे दूध पाठवू शकतो? नाव मोठ्याने सांगू नये. मनात ठेवून ते काम करावे.

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, तुझ्या एकुलत्या एका पुत्राला आम्ही जिवे मारिले, आणि त्याच पुत्राच्या रक्ताने तू आम्हांला जवळ केलेस. आमच्या घरांत ज्यांची रिकामी खुर्ची आहे, त्यांच्याजवळ तू राहा. ज्यांना आम्ही दुखविले त्यांच्या दाराशी जाऊन खरे सांगण्याचे धैर्य आम्हांला दे. ज्यांनी आम्हांला दुखविले त्यांचे जीवन समजून घेण्यास आमचे डोळे उघड. आमच्या डोंगरावरून दिसणाऱ्या दरीकडे आम्ही पाठ फिरवू नये, म्हणून आम्हांला तुझ्या आत्म्याने जागे ठेव. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.